काचपेटींतील हट्टी जलवनस्पति

पाण्याखालीं रोप जोपासणें ही गोष्ट भातकऱ्यास सर्वस्वीं नवी नाहीं. मात्र भाताचीं पानें हवेंत असतात. काचपेटींतील वनस्पतीस पानांसह पाण्यांत राहावें लागतें. म्हणून पाणी, माती, उजेड व वायु यांचा मेळ येथें अधिक काटेकोरपणें साधावा लागतो.

पनवेल तालुक्यांतील उलवे हें पूर्वीं खाडीकांठचें भातशेतीचें गांव. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, पुढें येथील जमिनी नव्या शहरासाठीं संपादिल्या गेल्या, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्‌घाटन झालें. खाचरांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथील घरांतून माशांच्या काचपेट्या ठेवल्या जातात. ज्यांच्याकडे तालुक्यांत अद्याप थोडी जमीन आहे, त्यांस रोपांचा हा जोडधंदा विचारांत घेण्याजोगा आहे.

पहिला प्रश्न पाण्याचा. खाडीलगतच्या विहिरीचें मचूळ पाणी नाजूक रोपांस मानवत नाहीं. दक्षिण भारतांतील तांबड्या पानांची रोटाला मॅक्रँड्रा मृदु पाण्यांतच खुलते. आपल्याकडे पावसाचें पाणी विपुल व मृदु असतें. पहिल्या कांहीं सरी सोडून तें झांकलेल्या टांकींत सांठवावें. परंतु त्यांत क्षार जवळजवळ नसल्यामुळें थोडें गोड्या विहिरीचें पाणी मिसळावें. समुद्रकांठची वाळू पेटींत घालूं नये. तींतील शिंपल्यांचा चुना विरघळून पाणी जड करतो.

तळाशीं गोड्या खाचराच्या चाळलेल्या मातीचा सुमारें दोन सेंटिमीटर थर द्यावा व त्यावर धुतलेली बारीक नदीची रेती तीन सेंटिमीटर पसरावी. चिखलांत हवा कमी झाली कीं लोह विद्राव्य होऊन मुळांस मिळतें. भाताच्या खाचरांतही हेंच घडतें. ताजें शेणखत मात्र वर्ज्य समजावें, कारण त्यांतून सुटणारा अमोनिया माशांस घातक ठरतो.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. उजेड वाढवून वायु न वाढविल्यास शेवाळ माजतें. कार्बन डायऑक्साइड लिटरास वीस ते तीस मिलिग्रॅम असावा. त्याहून अधिक झाल्यास मासे पृष्ठाशीं येऊन धापा टाकतात. अंधारांत वनस्पति तो घेत नाहींत, म्हणून रात्रीं पुरवठा बंद ठेवावा.

सह्याद्रीच्या ओढ्यांतील क्रिप्टोकोरिन जागा बदलतांच पानें गाळतें, आणि नवखा मनुष्य तें मेलें असें समजून फेकून देतो. मुळें टणक असल्यास तें हलवूं नये. कांहीं आठवड्यांत नवीं पानें फुटतात. साताऱ्याकडील पठारांवरच्या वायतुऱ्याचें शास्त्रीय वर्णन १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. हा कंद पावसाळ्यांत उगवतो व पुढें जमिनींत विश्रांति घेतो. त्याचें क्षेत्र अत्यंत मर्यादित आहे. रानांतून कंद उपटून विकल्यास चार रुपये मिळतील, पण जातीच निर्वंश होईल. असा व्यापार कोणींही करूं नये.

धंदा करावयाचा तो लागवडीच्या रोपांचाच. रोटाला व क्रिप्टोकोरिन सावलींत, ओल्या चिखलाच्या उथळ तबकांत, पानें पाण्याबाहेर ठेवून वाढवितां येतात. हवा दमट राहील असें झांकण घालावें. अशीं रोपें शेवाळमुक्त राहतात व पेटींत लावल्यावर पाण्याखालचीं नवीं पानें धरतात. प्रथम एकच तबक करावें, पाण्याची व वाढीची नोंद ठेवावी, आणि ग्राहक निश्चित झाल्यावरच विस्तार करावा.