कांजूरमार्गला उतरायचं तर

ठाणं सोडलं की मुलुंड, नाहूर, भांडुप आणि मग कांजूरमार्ग. तिथून पवईची आयआयटी रिक्षाच्या अंतरावर. पण फास्ट लोकल कांजूरला थांबत नाही, आणि आसनगाव-बदलापूरपासून डोंबिवलीपर्यंत बी.एस्सी. करणाऱ्या बहुतेक मुलांच्या मनातही हे स्टेशन उतरायचं नसतं.

कल्याणचं बिर्ला कॉलेज, डोंबिवलीचं पेंढरकर, ठाण्याचं बांदोडकर, उल्हासनगरचं चांदीबाई. इथल्या विज्ञानाच्या वर्गांत शहापूर-मुरबाडकडची, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुलंही असतात. मुरबाडला रेल्वे नाही. आधी एसटीने कल्याण, मग पुढचं. बारावीला जेईई राहिली की आयआयटीचा विषय घरात मिटतो. खरं तर तीन वर्षांनी तो पुन्हा निघू शकतो. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी 2004 पासून ‘जॅम’ ही वेगळी परीक्षा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे विषय तीत आहेत आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच ती देता येते.

अडतं कुठे? आधी पेपरात. विद्यापीठाच्या परीक्षेत पायऱ्या लिहायच्या, आकृती काढायची. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. जॅममध्ये तीन तासांत 60 प्रश्न, 100 गुण. त्यातल्या 20 प्रश्नांना पर्यायच नसतात. आकडा काढायचा आणि पडद्यावरच्या कीपॅडवर माउसने एकेक अंक टिपायचा. कॅल्क्युलेटरही पडद्यावरचाच. तीन वर्षं प्रॅक्टिकलला हातातला कॅल्क्युलेटर वापरलेल्या मुलाची बोटं इथे अडखळतात. यात हुशारीचा नाही, सवयीचा प्रश्न आहे, आणि ती सवय कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चार शनिवारांत लावता येईल.

दुसरी अडचण कागदांची, आणि ती जास्त जिवाला लागते. आयआयटीत अनुसूचित जातींसाठी 15, जमातींसाठी 7.5 आणि ओबीसींसाठी 27 टक्के जागा राखीव आहेत. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना अर्जाचं शुल्क निम्मं. मात्र ओबीसीचा नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि ताजा लागतो. राज्याचा चालत नाही. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. हे मुलांना कळतं फॉर्म भरायला बसल्यावर. अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरात बंद होतात. त्याच दिवसांत सणवार, सेमिस्टरच्या परीक्षेची तयारी आणि दाखल्यासाठी सेतू केंद्राचे हेलपाटे.

हे सगळं वेळेत सांगणारी सोय दुसरीकडे आहे. कॅलिफोर्नियात दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये ठरलेले विषय ठरावीक गुणांनी पूर्ण केले, की 2010 च्या कायद्याने राज्य विद्यापीठात जागेची हमी मिळते. पुढची वाट दाखवणारे सल्लागार त्या कॉलेजांतच बसतात. आपल्याकडे अशी हमी नाही. निदान सल्ला देणारं एक टेबल प्रत्येक कॉलेजात हवं, आणि टीवायच्या जूनमध्ये त्या टेबलावर पहिला प्रश्न दाखल्यांचाच विचारला जावा.

त्या टेबलावर आयआयटीखेरीज दुसऱ्या वाटाही सांगता येतील. कल्याणहून येऊन कुर्ल्याला गाडी बदलली की हार्बर लाइनवर मानखुर्द लागतं. तिथे टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 2004 पासून ते ‘नियस’ हा उपक्रम चालवतं: बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतली मुलं शिबिराला येतात, त्यातली काही पुढे संशोधकांबरोबर प्रकल्प करतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात; दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम. तिच्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते मनापासून लिहायचं तर शिक्षकाला अर्ज करणाऱ्या मुलीचं नाव माहीत हवं, आणि टायट्रेशनला शेवटचा थेंब सोडताना ती ब्युरेटची तोटी कशी धरते, हेही. शंभर जणांच्या लेक्चरला ते दिसत नाही. प्रॅक्टिकलच्या पंधरा-वीस जणांच्या बॅचमध्ये दिसतं, अगदी एफवायलासुद्धा.