व्यालेल्या गाईला तेल पाजावं का?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी जनावरं दिमाखात उभी असतात. तिकडे लातूर जिल्ह्यात देवणीचा मान. या दोन्ही गावरान गाई एका वेताला सहसा हजार लिटरच्या आतच दूध देतात. व्याल्यावर त्यांना स्निग्ध पदार्थांचा खास खुराक क्वचितच लागतो. शेजारी बांधलेल्या संकरित होल्स्टिनचं मात्र तसं नाही.

व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे तिच्यासाठी सर्वांत नाजूक. व्यायची वेळ जवळ आली की भूक मंदावते. व्याल्यावर दूध महिना-दीड महिन्यात शिगेला पोचतं, पण खाणं पुरतं वाढायला त्याहून उशीर लागतो. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरते. ही चरबी यकृताला पेलवली नाही तर तिथेच साचते, रक्तात कीटोन वाढतात आणि कितनबाधा होते. अशी गाय आधी आंबोण सोडते, कडबा मात्र चघळत राहते. दूध झपाट्याने उतरतं. श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो.

मग बाटलीभर गोडेतेल पाजलं तर?

नको. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पोटात गेलं तरी पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा कुजवणाऱ्या जिवाणूंना ते बाधतं. म्हणूनच एकूण कोरड्या खाद्यात स्निग्धांश ६ ते ७ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. अख्ख्या सरकीतलं तेल सावकाश सुटतं, त्यामुळे ती बेताने चालते.

बायपास फॅट वेगळं. पाम तेलातली मेदाम्लं कॅल्शियमशी जोडून ते बनवतात. पहिल्या कप्प्यात ते विरघळत नाही, चौथ्या कप्प्यातल्या आम्लात सुटं होतं आणि पुढे आतड्यात शोषलं जातं. भरपूर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, आंबोणात थोडं थोडं वाढवत देतात.

खरी काळजी मात्र गाय आटवतानाच घ्यायला हवी. भाकड काळातले दोन महिने पेंड चारून फुगवलेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि कितनबाधेला लवकर बळी पडते. बरगड्यांवर हात दाबून फिरवावा. त्या बोटांना लागत नसतील तर खुराक आवरावा, पण गाभण गाईला उपाशी ठेवून वाळवू नये. व्याल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत गाईने आंबोण टाकलं, तर लघवीची कीटोन-पट्टीवर तपासणी करून घ्यावी. पट्टीचा रंग बदलला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावं.