एकदा काढलेली गाठ

अक्कलदाढेजवळ जरा दुखते म्हणून ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा, एक्स-रे काढावा आणि खालच्या जबड्यात थेट कानाच्या दिशेने गेलेली काळी पोकळी दिसावी, अशी केराटोसिस्ट या जबड्यातल्या गाठीच्या कितीतरी रुग्णांची सुरुवात असते. ही गाठ गालावर फारशी फुगून दिसत नाही. हाडाच्या मऊ गाभ्यातून ती लांबीने सरकत जाते. म्हणून ती कळेपर्यंत जबडा बराच पोखरलेला असतो.

जबड्यातल्या गाठींवरचे उपचार जुने आहेत. जर्मन शल्यविशारद कार्ल पार्च यांनी १८९२ मध्ये गाठीला खिडकी पाडून तिला हळूहळू आकसू देण्याची रीत मांडली. पुढे अख्खी पिशवी काढून जखम शिवण्याचीही. बहुतेक गाठी त्याने बऱ्या होत. काही मात्र हटवादी होत्या. संशोधक फिलिप्सेन यांनी १९५६ मध्ये त्यांना ‘ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट’ हे नाव दिले आणि १९६३ मध्ये पिंडबोर्ग व हॅन्सन या डॅनिश संशोधकांनी आकडा छापला: पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ६२ टक्के. अमेरिकेत ब्रॅनन यांनी १९७६-७७ मध्ये ३१२ गाठींचा अभ्यास मांडला, त्यात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. शस्त्रक्रिया कशी केली आणि रुग्णावर किती वर्षे नजर ठेवली, यावर हा आकडा फार हलतो.

ती परत का येते, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच समजते. आतले अस्तर जेमतेम सहा ते आठ पेशींच्या थरांचे. चिमट्यात धरले की भिजलेल्या पतंगाच्या कागदासारखे फाटते, आतून दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा केराटिन बाहेर येतो. हाडाच्या खाचेत एक तुकडा राहिला तरी पुरे. शिवाय भिंतीत इवल्या पिल्लू-गाठी दडलेल्या असतात.

म्हणून पोकळीत उरलेल्या पेशी मारणारे कार्नॉयचे द्रावण लावण्याची पद्धत आली. त्यातल्या क्लोरोफॉर्मवर आक्षेप आल्यावर ते वगळून द्रावण वापरले जाऊ लागले.

नावाचाही घोळ झाला. गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक आजारात अशा अनेक गाठी होतात; त्यामागचे पीटीसीएच१ हे जनुक १९९६ मध्ये सापडले. हे जनुक एकट्या-दुकट्या गाठींतही बिघडलेले आढळले आणि २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केराटोसिस्टला ‘ट्यूमर’ ठरवले. २०१७ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ते नाव मागे घेतले. पार्च यांच्या खिडकीने अनेक गाठी आकसतात, त्यांचे अस्तरही बदलते, हेही त्या फेरविचारात मोलाचे ठरले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती रीत आजही, विशेषतः मोठ्या गाठींसाठी, वापरली जाते.

बहुतेक गाठी पाच वर्षांच्या आत परततात. पण दहा वर्षांनंतर परतल्याचीही उदाहरणे आहेत. टाके सुकले, दुखणे थांबले की रुग्ण दवाखान्याची वाट विसरतो. ज्यांची ही गाठ काढली आहे त्यांनी बायॉप्सीचा अहवाल आणि जुने एक्स-रे जपून ठेवावेत, आणि काही दुखत नसले तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला नवा एक्स-रे काढून यावा.