डेक्कन कॉलेज : एका महाविद्यालयाच्या बंद होण्याचा आणि पुन्हा सुरू होण्याचा अर्थ

महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल आणि स्मरणिका यांमध्ये स्थापना, नामांतर, स्थलांतर, पुनर्रचना अशा घटना एकेका ओळीत नोंदविल्या जातात. त्या ओळींतून संस्थेचे वय कळते. संस्था कोणासाठी आणि कशासाठी होती, हे मात्र कळत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. १८२१, १८५१, १८६४, १९३४ आणि १९३९ ही पाच वर्षे त्या इतिहासात केवळ सनावळी म्हणून येत नाहीत. ज्ञान कोणाचे व त्याचा भार कोणी उचलावयाचा, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेली ती उत्तरे होत.

१८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली हिंदू पाठशाळा ही नव्या विद्येची संस्था नव्हती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. तिच्या निधीचा काही भाग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने संस्कृत विद्येच्या अध्यापनाकडे वळविला. सत्तांतराने दुखावलेल्या पुण्यातील शास्त्रीवर्गाला आश्वस्त करण्याचे राजकीय धोरण त्यामागे होते. त्यामुळे प्रारंभी ही पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच मर्यादित राहिली. पुढे तिच्यात इंग्रजी अध्यापनाला स्थान मिळाले आणि १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले. याच सुमारास दक्षिणेच्या निधीचा विनियोग हा वादाचा विषय बनला होता. या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ खर्चावा, अशी मागणी १८४९ च्या अर्जाने केली. लोकहितवादी त्या चळवळीतील एक प्रमुख होते. वैयक्तिक पांडित्याचा सन्मान म्हणून दिला जाणारा पैसा लोकभाषेतील ज्ञाननिर्मितीसाठी मागितला जाणे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागते. महाविद्यालय आणि मराठी ग्रंथ या दोहोंचे मूळ अशा रीतीने एकाच निधीच्या वादात सापडते.

१८६४ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली आणि संस्थेला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. १८६८ मध्ये महाविद्यालय तेथे गेले. इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली होती. त्या वेळी ती दानशूरपणाची एक नोंद वाटली असेल. सत्तर वर्षांनंतर मात्र तिनेच संस्थेला तारले. येथे केरूनाना छत्रे गणित शिकवीत, तर रा. गो. भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे तिघेही येथील विद्यार्थी. टिळक-आगरकरांचा स्नेह याच महाविद्यालयात जुळला. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), 'केसरी' (१८८१) आणि फर्ग्युसन कॉलेज (१८८५) यांच्या पार्श्वभूमीस हा सहवास आहे. सरकारी महाविद्यालयाने सरकारचे टीकाकार घडविले, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

१९३४ मध्ये सरकारने आर्थिक कारण पुढे करून महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी केवळ निवेदने देऊन स्वस्थ न बसता हा प्रश्न न्यायालयात नेला. बॅ. मु. रा. जयकर यांचा त्या लढ्यात महत्त्वाचा वाटा होता. युक्तिवादाचा गाभा असा की, शिक्षणासाठी दिलेली देणगी स्वीकारताना सरकार त्या हेतूचे विश्वस्त बनते. त्यामुळे सरकारला आपल्या सोयीनुसार तो हेतू मोडता येत नाही. निकाल संस्थेच्या बाजूने लागला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था या रूपात पुन्हा सुरू झाले. त्यानंतर १९९० मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

हा विजय संपूर्ण होता, असे मात्र म्हणता येत नाही. जे महाविद्यालय बंद पडले, तेच पुन्हा उघडले नाही. पदवीपूर्व वर्ग गेले आणि विविध विषयांचे तरुण विद्यार्थी एकत्र राहून वाद घालीत, ते जगही त्यांच्याबरोबर गेले. त्याच्या जागी जे आले, त्याचे मोलही तितकेच स्वच्छपणे मान्य करावयास हवे. सु. मं. कत्रे यांचे भाषाशास्त्र, ह. धी. सांकलिया यांचे पुरातत्त्व, इरावती कर्वे यांचे मानवशास्त्र आणि त्र्यं. शं. शेजवलकर यांचे मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन या नव्या संस्थेत एकत्र नांदले. कोशातील शब्द, उत्खननातील खापर, नात्याची संज्ञा आणि दप्तरातील कागद हे एकाच संस्कृतीचे पुरावे म्हणून शेजारीशेजारी अभ्यासले जाऊ लागले. 'युगान्त'मधील महाभारताच्या चिकित्सेला कुलसंस्था आणि नातेसंबंध यांच्या अभ्यासाचे जे बळ आहे, त्याची पार्श्वभूमी या वातावरणातही शोधता येते. पुढे अ. मा. घाटगे यांनी केलेला बोलींचा अभ्यास आणि अशोक रा. केळकर यांची भाषा व समीक्षा यांविषयीची मांडणी यांतून मराठीच्या अभ्यासाला शास्त्रीय शिस्तीचा लाभ झाला.

या इतिहासाचा आजच्या मराठी विभागांशी असलेला संबंध उघड आहे. विद्यार्थिसंख्या आणि खर्च यांच्या हिशेबावर एखादा विषय किंवा विभाग टिकवावा की नाही हे ठरविले जाते, तेव्हा १९३४ मधील प्रश्नच पुन्हा उभा राहतो. त्या वेळी न्यायालयात उपयोगी पडला तो संस्थेच्या कीर्तीपेक्षा तिच्या हेतूचा लेखी पुरावा. म्हणून विभागाचे अहवाल, चर्चासत्रांची टिपणे, देणग्यांच्या अटी आणि अभ्यासमंडळांचे ठराव जपणे हे केवळ कारकुनी काम ठरत नाही. संस्था कशासाठी स्थापन झाली, हे तिच्या कागदांना सांगता आले नाही, तर ती का टिकावी, हे तिच्या प्राध्यापकांनाही सांगता येणे कठीण होते.