विश्लेषण : पाच तास गळ टाकूनही जाळी रिकामी का?

ब्रिटनमधील तलावांवर कार्प मासे पकडण्याच्या स्पर्धा वर्षभर रंगतात. मात्र कसलेल्या स्पर्धकावरही कधी कधी रिकाम्या हाताने परतण्याची वेळ येते. असे का होते?

स्पर्धा कशी होते?
सकाळी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला काठावरची ठरावीक जागा, म्हणजे ‘पेग’, दिली जाते. ती बदलता येत नाही. साधारण पाच तासांत गळाला लागलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवतात. शेवटी वजन करून ते पुन्हा तलावात सोडले जातात. ज्याचे वजन जास्त, तो विजेता.

कसोटी कुठे लागते?
रोहू, कटला यांच्याच कुळातला कार्प शीतरक्ती आहे. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक घटते आणि मासे घोळक्याने एका जागी थांबतात. घोळका दुसऱ्याच्या पेगसमोर असेल, तर कौशल्य फारसे कामी येत नाही. अशा वेळी भरपूर आमिष टाकणे अंगाशी येते. न खाल्लेले दाणे तळाशी साचतात आणि गळाचा दाणा त्यांत हरवतो. म्हणून जाणकार मक्याचे दोन-चार दाणेच टाकतात.

खरा पेच कोणता?
कार्पची वाट पाहायची, की अळी लावून छोटे ‘रोच’ मासे पकडत राहायचे? एक मोठा कार्प डझनभर रोचना भारी पडतो. पण तो आलाच नाही, तर वजनकाट्यावर शून्य. दिवस हातचा जातो तो बहुधा हा निर्णय उशिरा घेतल्याने.