‘हो’ म्हणजे नेमके काय? परदेशी ग्राहकांच्या सॉफ्टवेअरला अर्थभेदाचा अडसर

रायपूर : परदेशी ग्राहकासाठी भारतात सॉफ्टवेअर तयार करताना केवळ इंग्रजी येऊन भागत नाही, एका शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच कळावा लागतो. नवा रायपूर येथे 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. येथून या क्षेत्रात उतरणाऱ्या अभियंत्यांसाठीही हे भान महत्त्वाचे आहे.

गैरसमजाचे मूळ बहुधा साधे असते. ‘03/04’ ही तारीख भारतात 3 एप्रिल, तर अमेरिकेत 4 मार्च ठरते. बैठकीतील ‘हो’चा अर्थ अभियंत्याच्या मनात ‘ऐकले’ एवढाच असू शकतो. ग्राहक मात्र त्याला होकार समजतो. अडचण सांगण्याचा संकोच असेल, तर ती मुदत टळल्यावरच उघड होते. रायपूर न्यूयॉर्कच्या साडेनऊ ते साडेदहा तास पुढे असल्याने सकाळच्या शंकेचे उत्तर सायंकाळपूर्वी क्वचितच मिळते.

गृहीतकाची किंमत मोठी असते. एका गटाच्या सॉफ्टवेअरने पौंडात दिलेले बलाचे आकडे दुसऱ्या गटाने न्यूटनमधील मानल्याने ‘नासा’ने 1999 मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान गमावले. दोन्ही गट अमेरिकीच होते.

यावरील उपाय सोपे आहेत : तारखेतील महिना अक्षरी लिहावा, बैठकीतील निर्णय त्याच दिवशी लेखी कळवावेत, तयार झालेला भाग दर आठवड्याला चालवून दाखवावा. तसेच ‘समजले का?’ याऐवजी ‘काय समजले?’ असे विचारावे.