मेथाडोनची उतरती मात्रा
(व्यसन आणि उपचार : लेखांक सातवा)

मेथाडोनच्या रोजच्या मात्रेने गर्दच्या (हेरॉइनच्या) आहारी गेलेल्या माणसाचे आयुष्य कसे स्थिरावते, हे गेल्या लेखांकात पाहिले. परंतु अशी दोन-तीन वर्षे स्वस्थपणे गेली म्हणजे ‘हे औषध आता सुटणार कधी?’ असा जो प्रश्न घरात डोके वर काढतो, त्याचा विचार आज कर्तव्य आहे. हा प्रश्न पुष्कळदा रुग्णाच्या आधी त्याच्या आईच्या, पत्नीच्या किंवा थोरल्या भावाच्या मनात उभा राहतो, आणि त्याच्या मुळाशी जशी माया असते तशीच लोकलज्जाही असते. 1964 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ज्यांनी या उपचाराचा पाया घातला, ते व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर अफूजन्य व्यसनाला चयापचयाचा विकार मानीत, आणि म्हणून औषध दीर्घकाळ घ्यावे लागणे त्यांना मुळीच गैर वाटत नसे. मेथाडोन सोडण्याची इच्छा रुग्णाची स्वतःची असावी, गती त्याने व डॉक्टरांनी मिळून ठरवावी, आणि मुदत घालून देण्याचा अधिकार आप्तांनी आपल्याकडे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या औषधाचा अंमल संथ असतो. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारणतः एक ते दीड दिवस, काहींच्या बाबतीत त्याहूनही बराच अधिक काळ लागतो. त्यामुळे आज मात्रा उतरवली तर तिचा खरा परिणाम आठवडाभराने कळतो, आणि तो कळण्यापूर्वीच पुन्हा कपात करणे म्हणजे रुग्णाला विनाकारण यातनेत लोटणे होय. दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के कमी करावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. ऐंशी मिलिग्रॅमवरून पाच मिलिग्रॅम उतरवले तर सोळावा हिस्सा गेला. परंतु वीसवरून तेच पाच उतरवले तर चौथा हिस्सा गेला! म्हणूनच ‘आता थोडेच उरले आहे, उरकून टाकू’ असे घरच्यांना जेथे वाटू लागते, नेमका तोच टप्पा सर्वांत बिकट असतो, आणि तेथे एकेका मिलिग्रॅमने उतरणेही शहाणपणाचे ठरते. या हिशेबाने सगळा प्रवास वर्षभराचा, पुष्कळदा त्याहूनही लांबचा होतो.

गर्दची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारी तडफड, काही तासांत सुरू होते आणि बहुधा आठवड्यात ओसरते. मेथाडोन एकाएकी थांबवले तर ती एक-दोन दिवसांनी येते, तीव्रतेने काहीशी सौम्य असते, परंतु दोन-तीन आठवडे आणि कधी त्याहून अधिक काळ रेंगाळते. हळूहळू उतरणाऱ्यालाही तिची छाया जाणवते. जांभयांमागून जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा येतो, आणि रात्री अंथरुणावर पाय एका जागी ठरत नाहीत. अशा वेळी पेज, ताक, मीठ-साखरेचे पाणी द्यावे, पाय चेपून द्यावेत, आणि ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळावा. मात्र वडिलांच्या डबीतील झोपेची गोळी करुणेपोटीही देऊ नये. मेथाडोनबरोबर अशा गोळ्या किंवा मद्य पोटात गेल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतते. क्षयावरील रिफाम्पिसिनसारखी औषधे मेथाडोनचा अंमल घटवतात, तेव्हा दुसरा कोणताही उपचार सुरू होताना डॉक्टरांना इत्यंभूत माहिती दिली पाहिजे. गरोदर स्त्रीने तर मात्रा उतरवण्याचा बेत सामान्यतः पुढे ढकलावा, हेच योग्य.

ओढ पुन्हा जागी झाली, झोप पार उडाली, जुन्या सोबत्यांकडे पाय वळू लागले, तर कपात तेथेच थांबवावी. डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली तरी घरात कोणी पराभवाची भाषा काढू नये. कित्येकजण तीस-चाळीस मिलिग्रॅमवर स्थिरावून नोकरी-संसार नीट सांभाळतात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

सर्वांत मोठा धोका औषध सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. शरीराची सहनशक्ती तोवर लोपलेली असते. पूर्वी सहज पचणारी गर्दची पुडी आता एका खेपेत जीव घेऊ शकते. म्हणून अशा द्रव्यांचा अंमल उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाची तजवीज घरात आधीच असावी आणि ते कसे द्यावे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे. अमेरिकेत त्याचा नाकात मारण्याचा फवारा 2023 पासून चिठ्ठीवाचून मिळतो. आपल्याकडे ते बहुधा इंजेक्शनच्या रूपाने असते, तेव्हा त्याची चौकशी डॉक्टरांकडे आगाऊच करावी. घोरणे विचित्र झाले, ओठ निळसर पडले, हाका मारूनही माणूस जागा होईना, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि नॅलोक्सोन द्यावे. त्याचा प्रभाव तास-दीड तासात सरतो, मेथाडोनचा त्याहून कितीतरी लांबतो. म्हणून रुग्ण उठून बसला आणि ‘मला काही झालेले नाही’ म्हणू लागला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवलेच पाहिजे.

पुढील लेखांकात ब्युप्रेनॉर्फिनचा विचार करू.